समुद्राजवळच्या एसएस (स्टेनलेस स्टील) रेलिंगवर तपकिरी डाग पुन्हापुन्हा येतात? आधी डाग कुठे पडतोय ते बघा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. गॅलरीचं किंवा जिन्याचं स्टेनलेस स्टीलचं रेलिंग, बसवून वर्ष-दीड वर्ष झालेलं. घर वर्सोव्याला, वरळीला, अलिबागला, रत्नागिरीला नाहीतर मिरामारला. पाइपवर तपकिरी ठिपके आणि खाली उतरलेले ओघळ. पॉलिशवाला येतो, बफ मारून देतो, रेलिंग लखलखीत होतं आणि दोन-तीन महिन्यांत डाग त्याच जागी परत. फॅब्रिकेटर म्हणतो हवाच खारी आहे, घरमालक म्हणतो माल हलका घातला. दोघांचंही थोडंथोडं खरं असतं, पण त्यातून उपाय काही निघत नाही.

डाग म्हणजे वरची घाण, असं धरून चाललात तर तो परत येणारच. जिथे डाग आहे तिथे स्टीलवरचा संरक्षक थर फुटलाय किंवा मुळातच नीट बसलेला नाही. असं का झालं, ते डागाची जागाच बऱ्यापैकी सांगते. म्हणून फडकं हातात घेण्याआधी रेलिंगचे फोटो काढून ठेवा. एकदा सगळं पुसून टाकलं की हा पुरावा गेला.

थर कसला, आणि त्याला भोक कसं पडतं

स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अखंड पापुद्रा तयार होतो. त्याची जाडी जेमतेम एक ते तीन नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या हिशेबातली. लोखंडसुद्धा तीव्र नायट्रिक आम्लात विरघळायचं थांबतं, हे शोनबाइन आणि फॅरेडे या शास्त्रज्ञांनी १८३६ मध्येच तपासलं होतं. पृष्ठभागावर ऑक्साइड बसत असावा, हा तर्क फॅरेडेचा. स्टेनलेसमध्ये तीच गोष्ट साध्या हवेत आपोआप घडते. ओरखडा पडला तरी ऑक्सिजन मिळताच थर लगेच पुन्हा जुळतो.

पण हा पापुद्रा सगळीकडे सारखा नसतो. स्टीलमध्ये थोडं गंधक राहतंच. ३०४ या नेहमीच्या वापरातल्या ग्रेडला ०.०३ टक्क्यांपर्यंत चालतं. ते मँगनीजशी मिळून मँगनीज सल्फाइडचे काही मायक्रॉनचे बारीक कण बनवतं. असा कण पृष्ठभागावर उघडा पडला की तिथे थर कच्चा राहतो. मिठातलं क्लोराइड नेमकं तिथे शिरतं, कण विरघळतो आणि त्या जागी एक सूक्ष्म खळगा तयार होतो. २००२ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मेरी रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कणांभोवतीच्या पट्ट्यात क्रोमियम कमी असल्याचं दाखवलं होतं. इतरांनी तपासलेल्या स्टीलमध्ये तसा पट्टा सापडला नाही, त्यामुळे त्यावर पुढे बराच वाद झाला. पण खड्ड्याची सुरुवात बहुधा या कणांपाशी होते, याबद्दल फारसं दुमत नाही.

सुरू झालेले बहुतेक खळगे काही क्षणांत आपोआप बंद होतात, थर पुन्हा जुळतो. जो बंद होत नाही तो मात्र स्वतःचं पाणी स्वतः बिघडवत जातो. आत विरघळलेल्या क्रोमियमची पाण्याशी प्रक्रिया होऊन आम्ल तयार होतं, विद्युतभार सांभाळण्यासाठी बाहेरचं क्लोराइड आत ओढलं जातं आणि खड्ड्यातल्या पाण्याचा पीएच १ च्या आसपास जाऊ शकतो. बाहेरचा थेंब जवळपास उदासीन आणि आत असं तीव्र आम्ल. भोवतीचा सगळा धडधाकट पृष्ठभाग कॅथोड बनतो आणि या टिंबाएवढ्या जागेतून धातू खेचत राहतो. म्हणूनच एकूण झीज नगण्य असली तरी खड्डा खोल जातो.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊन असा एखादा ठिपका जवळून बघाच. बाहेर तपकिरी कडं असतं आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढा काळा बिंदू. ओल्या फडक्याने कडं पुसलं जातं, बिंदू तसाच राहतो. बांबूच्या काडीचं टोक त्यावर अलगद फिरवलं तर कधीकधी वरची जाळीदार कपची मोडते आणि खालचं भोक वरून दिसत होतं त्याहून रुंद निघतं. खड्ड्याचा आकार सुरईसारखा असतो, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आता यावर बफ फिरवल्यावर काय होणार? तोंडावर धातूचा लेप ओढला जातो, पोटातलं खारं आम्ल आतच राहतं. दोन-तीन महिन्यांनी डाग त्याच जागी का उगवतो, याचं हे एक मोठं कारण आहे.

पाऊस नव्हे, पावसाची गैरहजेरी

पावसाळ्यात रेलिंग गंजतं, असं बरेचजण गृहीत धरतात. तपासलंत तर बऱ्याचदा उलटं आढळेल. गॅलरीच्या उघड्या भागातला पाइप बरा असतो आणि छज्ज्याखालचा, जिथे पाऊस पोहोचत नाही तिथला, डागाळलेला असतो. वरची बाजू ठीक आणि पाइपची खालची बाजू खरबरीत. कोरड्या बोटाने खालून पुसून बघा, बोटाला चिकट धूळ लागते. पावसाने धुतलं न गेलेलं मीठ ते हेच.

समुद्री मिठात नुसतं सोडियम क्लोराइड नसतं, मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. साधं मीठ हवेतली ओल शोषून पाझरायला सुमारे ७५ टक्के आर्द्रता लागते, मॅग्नेशियम क्लोराइडला सुमारे ३३ टक्के पुरतात. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता एरवी याच्या बरीच वर असते. म्हणजे डोळ्याला कोरडा दिसणारा पाइप खरं तर मिठाच्या पाण्याच्या अतिपातळ थराखाली असतो. दुपारी ऊन चढलं की पाणी उडतं, मीठ मागे राहतं आणि उरलेला द्राव समुद्राच्या पाण्याहून कितीतरी पटींनी तीव्र होतो. थराच्या कच्च्या जागांना खरा धोका या वाळत आलेल्या अवस्थेत असतो. त्यामुळे ऑक्टोबर ते मे हे महिने सांभाळायचे. जूनचा पाऊस तर उघड्या भागाची फुकट धुलाई करून देतो.

डाग कुठे, त्यावरून कारण

सांध्यांपाशी. वेल्डच्या दोन्ही बाजूंना पिवळसर, जांभळा किंवा निळा पट्टा राहिलाय का बघा. गरम होताना तिथे ऑक्साइड जाड वाढलेला असतो. थर जाड म्हणजे संरक्षण जास्त, असं वाटेल, पण तो सच्छिद्र असतो, त्यात लोहाचा ऑक्साइड भरपूर असतो आणि तो बनताना खालच्या धातूतलं क्रोमियम खर्ची पडलेलं असतं. हा रंगीत थर आणि त्याखालचा क्रोमियम कमी झालेला पातळ भाग, दोन्ही काढल्याशिवाय तिथे नवा चांगला थर बसत नाही. नुसत्या बफने रंग जातो, खालचा कमकुवत धातू मात्र राहू शकतो. खरा इलाज पिकलिंग पेस्टचा, म्हणजे हे दोन्ही थर विरघळवून काढणाऱ्या आम्लाच्या लेपाचा.

सगळीकडे विखुरलेले बारीक ठिपके, तेही बसवल्यावर काही आठवड्यांतच. इथे मी आधी कारखान्याकडे बोट दाखवीन. त्याच टेबलावर एमएसचं (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) गेट कापलं गेलं, ठिणग्या एसएसच्या पाइपवर उडाल्या, एमएसवर वापरलेलीच ग्राइंडरची चकती किंवा लोखंडी तारेचा ब्रश एसएसवर फिरला. साध्या लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्याच दमट रात्री गंजतात. मग त्यांच्या गंजाखालचा स्टेनलेसचा थरही बिघडतो. कधी कारण कारखान्यात नसतंच, बसवलेल्या रेलिंगच्या शेजारी कुणीतरी ग्रिल कापलेलं असतं.

याची तपासणी मोरचुदाने (कॉपर सल्फेट) करतात. २५० मिलिलिटर शुद्ध पाणी, त्यात १ मिलिलिटर गंधकाम्ल आणि ४ ग्रॅम मोरचूद. हा द्राव लावून पृष्ठभाग सहा मिनिटं ओला ठेवायचा. सुटं लोखंड असेल तिथे तांब्याचा लालसर लेप बसतो. आम्ल हाताळायची सवय नसेल तर घरी याच्या वाटेला जाऊ नका, फॅब्रिकेटरकडून समोर करून घ्या. स्टीलमध्ये क्रोमियम १६ टक्क्यांच्या खाली असेल तर मात्र निकाल भरवशाचा नसतो. साधा पर्याय हवा असेल तर गोड पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं पाइपला रात्रभर गुंडाळून ठेवा. सकाळी ताजे नारिंगी ठिपके उठले तर संशय लोखंडावर.

खाली तळाशी, गोल कव्हरच्या आत, सिलिकॉनच्या कडेला, केबल टायखाली, न काढलेल्या स्टिकरखाली. इथे अडचण फटीची आहे. थर पुन्हा जुळायला ऑक्सिजन लागतो आणि अरुंद फटीत अडकलेल्या पाण्यात तो संपून जातो. मीठ साचतं, बाहेर निघत नाही. कव्हर वर सरकवून आत बघा. बाहेर एक ओघळ असेल तर आत बहुधा चांगलाच गंज असतो. संरक्षक प्लास्टिकची फिल्म बसवल्या दिवशीच काढायला हवी होती. उन्हात राहिली की गोंद भाजून चिकटतो आणि त्याखाली हाच प्रकार सुरू होतो.

फक्त गोळ्यांवर, नट-बोल्टवर, लेथवर कातलेल्या शोभेच्या भागांवर. पाइप ठणठणीत आणि हेच भाग गंजलेले असतील तर ते ३०३ ग्रेडचे असू शकतात. कातायला सोपं जावं म्हणून ३०३ मध्ये मुद्दाम ०.१५ टक्के किंवा जास्त गंधक घालतात. वर सांगितलेले सल्फाइडचे कण त्यात भरभरून असतात, म्हणजे थराला जागोजागी कच्चे बिंदू. समुद्राजवळ हा ग्रेड वापरूच नये. इथे सफाईत वेळ घालवू नका, भागच बदला.

नव्या घरात राहायला जायच्या आधीच डाग. फरशीवरचं सिमेंट काढायला सफाईवाल्यांनी ॲसिड वापरलं का, विचारा. ते बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. शिंतोडेच काय, बंद खोलीतली त्याची वाफही रेलिंग, दाराच्या कड्या आणि सिंक डागाळायला पुरते. कपड्यांतून ठिबकणारं ब्लीचिंग पावडरचं पाणीही असंच वागतं. एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, ती म्हणजे कुंड्या. रेलिंगला टांगलेल्या कुंडीत पोटॅशचं खत घालत असाल तर म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइडच. कुंडीखाली ओघळ दिसला तर समुद्राला दोष देऊ नका, कुंडी हलवा.

ग्रेडचा प्रश्न

वरच्यापैकी काहीच जुळत नसेल आणि सगळं रेलिंगच एकसारखं डागाळत असेल, तर माल तपासायची वेळ आली. लोहचुंबक लावून निकाल देणारे खूप भेटतात, त्यांचं ऐकू नका. २०० मालिकेचं स्टील, ३०४ आणि ३१६ या तिन्हींना चुंबक जवळपास चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या पाइपलाही वाकवलेल्या जागी थोडंसं चिकटू शकतं, कारण वाकवताना त्याची अंतर्गत रचना बदलते. चुंबक फार तर ४३० हा चुंबकाला चिकटणारा ग्रेड ओळखून देईल. खात्री हवी तर पीएमआय गनने रासायनिक घटक मोजून घ्या. मोठ्या शहरांतल्या चाचणी प्रयोगशाळांकडे आणि बऱ्याच भंगार व्यापाऱ्यांकडेही ती असते.

३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये क्रोमियम थोडं कमीच, पण २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम, आणि फरक पडतो तो त्याने. ते सुरू झालेला खड्डा बंद पडायला मदत करतं. खड्ड्यांना तोंड द्यायची ताकद ढोबळपणे मोजण्यासाठी क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमचे ३.३ पट, अधिक नायट्रोजनचे १६ पट अशी बेरीज करतात. ३०४ ची बेरीज १८-१९ च्या घरात येते, ३१६ ची २४-२५ आणि २२०५ डुप्लेक्स या आणखी वरच्या ग्रेडची ३५ च्या आसपास. २०० मालिकेत निकेलऐवजी मँगनीज घालून किंमत उतरवलेली असते आणि बाजारातल्या स्वस्त प्रकारांत क्रोमियमही कमी असतं. पुण्यात किंवा नागपुरात घराच्या आत ते वर्षानुवर्षं टिकेल. समुद्रासमोर ते लावणं मला मान्य नाही, कितीही स्वस्त पडलं तरी.

तरीही ३१६ घातलं म्हणजे सुटलो, असं नाही. खरबरीत सॅटिन फिनिशच्या ३१६ वर डाग पडलेले आणि गुळगुळीत, नियमित धुतल्या जाणाऱ्या ३०४ वर कमी डाग, असं प्रत्यक्षात घडतं. पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.५ मायक्रॉनच्या आत असावा, असा किनाऱ्यासाठीचा संकेत आहे. जाड ग्रिटने (घासायच्या दाण्याने) पडलेल्या खाचांत मीठ बसतं. ब्रश फिनिशच हवं असेल तर उभ्या खांबांवर रेषा उभ्या ठेवा, म्हणजे पाणी निथळून जातं.

दुरुस्ती, क्रमाने

आधी गोडं पाणी आणि साधा भांड्यांचा द्रव साबण, मऊ स्पंज. पाइपची खालची बाजू, कव्हरच्या आत, वेल्डच्या खाचा, काही सोडायचं नाही. बोअरचं पाणी किनाऱ्यावर बहुधा खारट असतं, ते धुवायला वापरलंत तर मीठ काढण्याऐवजी भर घालाल. धुतल्यावर पुसून कोरडं करा.

वरवरचे डाग यानंतरही राहिले तर ऑक्झॅलिक किंवा फॉस्फोरिक आम्लाचा, क्लोराइड नसलेला स्टेनलेस क्लीनर वापरा. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हातमोजे घाला आणि मुलांपासून लांब ठेवा. लोखंडी तारेची घासणी अजिबात नको, तिचे तुकडे रुतून पुढच्या डागांची सोय होते. टॉयलेट क्लीनर आणि ब्लीच पूर्ण वर्ज्य.

रुतलेलं लोखंड आणि वेल्डचे रंगीत पट्टे यांना पिकलिंग पेस्ट लागते. त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हायड्रोफ्लोरिक त्वचेतून आत शिरतं, सुरुवातीला फारसं दुखतही नाही आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून जिवावर बेतू शकतं. त्यामुळे हे काम घरी करायचं नाही. जो कारागीर करणार असेल त्याच्याकडे चेहऱ्यावरची ढाल, आम्लाला टिकणारे हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाने भाजल्यावर लावायचं औषध) आहे ना, हे आधी बघा. नसेल तर काम थांबवा. धुतलेलं पाणीही गटारात किंवा बागेत सोडायचं नाही, निष्प्रभ करून घ्यायचं.

त्यानंतर पॅसिव्हेशन, म्हणजे संरक्षक थर नीट बसवून घेणं. पृष्ठभाग एकदा स्वच्छ झाला की थर हवेत आपोआप बनतोच, पण सायट्रिक आम्लाने उरलंसुरलं लोखंड निघून तो चांगला बसतो. वजनाने ४ ते १० टक्के द्राव, साध्या तापमानाला किमान २० मिनिटं ओला ठेवायचा आणि मग भरपूर गोड्या पाण्याने धुवायचं. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणून मिळतं ते हेच. पट्टे आणि लोखंड न काढता थेट सायट्रिक लावलंत तर मात्र फारसा उपयोग होणार नाही.

भिंगाखाली ज्या जागी खड्डे दिसले होते तिथे बफ पुरत नाही. खड्ड्याचा तळ लागेपर्यंत बारीक होत जाणाऱ्या ग्रिटने, फक्त एसएससाठी राखलेल्या चकतीने घासून मग पॅसिव्हेट करायचं. पाइप पातळ गेजचा असेल आणि खड्डे खोल असतील तर तेवढा तुकडा बदललेला बरा. वरून पारदर्शक लॅकर मारून घ्यायचा सल्ला मिळेल, तो घेऊ नका. त्याला बारीक भोक पडलं की मीठ आत शिरतं आणि धुऊनही निघत नाही. पातळ तेलाचा हात काही आठवडे पाणी दूर ठेवतो, त्यापुढे धूळ धरतो.

पुढची देखभाल म्हणजे धुणं. समोर समुद्र असेल तर ऑक्टोबर ते मे पंधरवड्यातून एकदा आणि छज्ज्याखालचा भाग पावसाळ्यातही. दोन-तीन किलोमीटर आत असाल तर महिन्यातून एकदा सहसा पुरेल.

एक वेगळा इशारा. डाग रेलिंगच्या पाइपवर असतील तर प्रश्न मुख्यतः दिसण्याचा. पण भार पेलणारी स्टेनलेसची दोरी, काच धरणारे बोल्ट, पोहण्याच्या बंदिस्त तलावाच्या छताचे हँगर यांच्यावर डाग दिसले तर साफ करून गप्प बसू नका. ताण आणि क्लोराइड एकत्र आले की थरातल्या अशाच एका खोटीपासून तडा निघून आतवर पसरू शकतो आणि बाहेर झीज जवळपास दिसत नाही. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे पोहण्याच्या तलावाचं काँक्रीटचं छत त्याला धरणारे स्टेनलेसचे हँगर असे तडकून कोसळलं आणि १२ माणसं गेली. अशा जागी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

नवं रेलिंग करून घेणार असाल तर ऑर्डरच्या कागदावर नुसतं 'एसएस' लिहून घेऊ नका. ३१६एल (३१६ चाच कमी कार्बनचा प्रकार), मिलचं चाचणी प्रमाणपत्र हीट नंबरसह (स्टीलच्या त्या ओतणीचा क्रमांक), फिनिशचा आकडा, सगळे वेल्ड पिकल आणि पॅसिव्हेट केलेले, एसएसचं काम एमएसपासून वेगळ्या टेबलावर, शोभेचे भागही ३१६ चेच. शेवटचा हप्ता मोरचुदाची चाचणी समोर झाल्यावर.